संध्याकाळच्या भुकेचं काय करू? पोटभरीचं पण हलकं सुचवा

नमस्कार मंडळी,

वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४. थायरॉइड, साखर तपासून झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सहा-सात किलो उतरवा, गुडघ्यांना आराम पडेल.

दुपारपर्यंतचं गाडं बरं चाललंय. दोन भाकऱ्यांची एक केली, भाजी दुप्पट, आठवड्यातून तीनदा मटकीची उसळ. गोची होते संध्याकाळी. साडेपाचला ऑफिस सुटतं, डोंबिवलीला घरी पोचायला साडेसात. तोवर पोटात असे कावळे कोकलतात की खांद्यावरची पर्स खाली ठेवायच्या आधी चिवड्याचा डबा उघडलेला असतो. उभ्याउभ्या चार मुठी. (नवरा म्हणतो, डब्याला कुलूप लाव. किल्ली माझ्याकडेच ना!)

काकडी-गाजर नेऊन पाहिलं. घाटकोपरला डबा संपतो, ठाण्याला पोट पुन्हा रिकामं. कुरमुरे म्हणजे नुसता वारा. शेंगदाणे टिकतात, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि मी काही एका मुठीवर थांबत नाही. फुटाणे त्यातल्या त्यात बरे, पण पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत.

तेलाचा हिशेब मात्र डोळे उघडणारा निघाला. आम्ही चौघं, महिन्याला ५ लिटरचा कॅन. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर माणशी रोजच्या साडेतीनशेच्या आसपास, नुसत्या फोडणीतून! आता कढईवर बाटली वाकडी करत नाही, चमच्याने मोजते. सासूबाई म्हणतात, भाजी आजाऱ्याची लागते. लागते, खोटं कशाला बोलू.

तर दोन प्रश्न. लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने, बाजूच्या बाईला वास न येता खाता येईल असं काय? आणि गुरुवारच्या उपासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी काय? खिचडी खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागते.

प्रतिसाद १
ताई, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट. उपासाला बटाटा उकडून खा. दचकू नका! १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींचे वाढून दोन तास लोकांची भूक नोंदवली. पोट भरण्यात उकडलेला बटाटा पहिला आला, लोण्याचं क्रोसाँ शेवटी. बदनामी बटाट्याची होते, खरी करामत तळणाची. दोन मध्यम बटाटे, मीठ, जिरेपूड, सोबत वाटीभर दही.
लोकलसाठी मूगडाळीचं धिरडं. आत कोथिंबिरीची चटणी, घट्ट गुंडाळी, टिश्यूत बांधायची. कांदा-लसूण नको, मग वास येत नाही. आणि गाडीची वाट कशाला बघता? सव्वापाचला टेबलावरच खा. भूक खवळल्यावर मुठी मोजता येत नाहीत.

धागाकर्ती
आभार! गुरुवारी बटाटे-दही केलं. दीडला खाल्लं, पाचपर्यंत बिस्किटाच्या ड्रॉवरकडे हात गेला नाही. सासूबाईंनी मात्र त्यावर तुपाची फोडणी घालून घेतली.
धिरड्याचं एक विचारायचं राहिलं: सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत चामट होतं का? पिठात काही घालता का तुम्ही?