डब्ल्यूपी इंजिनाचं टेंडर पुठ्ठ्यातून (१:३२): बाजू आत ओढल्या जातात, एक चाक अधांतरी

खडीवाला
डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाचं टेंडर (मागे जोडलेली कोळसा-पाण्याची गाडी) १:३२ मापात चाललंय. टाकी २ मिमी राखाडी पुठ्ठ्याची, २४० × ९५ मिमी. बाहेरून लग्नपत्रिकेचं जाड कार्ड फेविकॉलने लावलं. वाळल्यावर दोन्ही लांब बाजू मधोमध ३ मिमी आत गेल्या. खाली चार-चार चाकांच्या दोन बोग्या (डबे नव्हेत, चाकांचे गाडे!). चाकं कोल्ड्रिंकच्या झाकणांची, आस सायकलच्या स्पोकची. रुळावर ठेवलं की एक चाक हवेत राहतं आणि वळणावर नेमकं तेच उतरतं. चाकांमधलं अंतर किती हवं? कोळसा कशाचा करावा?

पुठ्ठेबहाद्दर
फेविकॉलमधल्या पाण्याने कार्ड फुगतं, फुगलेलंच चिकटतं आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतं. कार्ड फक्त बाहेरून लावलंय, म्हणून पोट आत गेलं. टाकी फेकू नका. आतूनही तेच कार्ड, तंतूंची दिशा तीच ठेवून लावा. वाळताना ते उलट ओढेल. तंतूंची दिशा कळायला कार्ड दोन्हीकडून वाकवून बघा, ज्या घडीला सहज वाकतं त्या घडीच्या दिशेने तंतू.

मग आडपडदे. दर ४० मिमीला एक, म्हणजे पाच. भिंतीची जाडी आधी मोजा. दोन्ही कार्डांसह २.८ मिमी भरली, तर पडद्याची रुंदी ९५ वजा ५.६, म्हणजे ८९.४. पाचही एकावर एक ठेवून एकदम घासा. एक जरी अर्धा मिमी जास्त राहिला तरी रंगानंतर बाहेरून फासळी दिसते. वरच्या कडा पुढे उतरत्या कापल्या की कोळशाच्या कप्प्याचा उतार आपोआप मिळतो. खऱ्या टेंडरात कोळसा फायरमनच्या फावड्याकडे घसरावा म्हणून तो उतार असतो, आणि पाण्याची टाकी कप्प्याच्या भोवती व मागे.

रंगाआधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात आतून-बाहेरून द्या, नाहीतर अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी तोच खेळ पुन्हा करेल.

सांधेवाला
अधांतरी चाकाचं कारण सोपं आहे. तिवई कधी डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. तुमच्या दोन्ही बोग्या घट्ट स्क्रूवर असणार. मागची बोगी फक्त वळेल आणि पुढे-मागे झुलेल अशी ठेवा: स्क्रूच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत काडीचा एकेक तुकडा चिकटवा, चौकट त्यावर टेकेल. पुढची बोगी मात्र मधल्या एकाच गोल वायसरवर, स्क्रू अर्धा फेरा सैल, म्हणजे ती सगळीकडे झुलेल. झाले तीन टेकू. शिवाय टाकीच्या तळाशी दीडशे ग्रॅम नट-बोल्ट चिकटवा. वजन वर गेलं तर वळणावर कलंडेल.

अंतर: ब्रॉडगेज १६७६ मिमी, ३२ ने भागून रूळ ५२.४ ठेवा. खऱ्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १६०० मिमी, म्हणजे ५०. घरगुती चाक थोडं डगमगतंच, म्हणून ४९ धरा.

झाकणं मात्र काढाच. कडेला कंगोरे असतात, आणि भोक केंद्रात पाडणं अवघड. दोन मिमी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या जोडा, काठावर फेविक्विक मुरवा (खिडकी उघडी ठेवून, कागद गरम होतो, धूर डोळ्यांना झोंबतो), बोल्टवर बसवून ड्रिलमध्ये फिरवत पॉलिशपेपर लावा. चाक आपोआप गोल होतं. फ्लँज (चाक रुळावरून उतरू नये म्हणून आतल्या बाजूची मोठी कड) जुन्या एटीएम कार्डाची: जाडी ०.७६ मिमी, चाकापेक्षा सगळीकडून दीड मिमी मोठी. एका कार्डात दोनच बसतात, म्हणजे चार कार्डं लागतील. आसेला धारवा (बेअरिंग) म्हणून रिकाम्या रिफिलचे तुकडे. स्पोक अडकत असेल तर आतली शाई स्पिरिटने धुवा, तरीही अडकला तर फ्रूटीची नळी.

धूरकांडी
कोळशाला खरा दगडी कोळसाच उत्तम. लाकडी कोळसा हलका आणि मळकट, बोटं काळी करतो. कापडात बांधून ठेचा, पीठ चहाच्या गाळणीने काढून टाका, ३ ते ५ मिमीचे खडे ठेवा. खाली पुठ्ठ्याचा उतार असू द्या. थर्माकोल वापरलात तर स्प्रेच्या रंगाने विरघळेल. फेविकॉल आणि पाणी समसमान, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर पाणी खड्यांवर मोत्यांसारखं बसून राहतं.

खडीवाला
आभार. रिव्हेट कसे उठवू?

पुठ्ठेबहाद्दर
आधी तुमच्या इंजिनाचा फोटो बघा. वेल्डची सपाट जोड असेल तर एकही नको. असतील तर बाहेरचं कार्ड चिकटवण्यापूर्वी, मागून. खाली माऊसपॅड, वर आलेखाचा कागद, आणि शाई संपलेलं बॉलपेन, दर २ मिमीला एक टोचा. कार्ड आता चिकटलेलंच आहे, तेव्हा त्यावर पातळ कागदाच्या रिव्हेटपट्ट्या वेगळ्या लावा. तशीही खऱ्या टाकीवर रिव्हेटची पट्टी उठूनच दिसते.