सडपातळ मुलांची साखर तपासायला अठरा वर्षे कशाला थांबायचे?

सायली_प
पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या, आया व त्यांच्या मुलांच्या अभ्यासाविषयी वाचत होते. अठराव्या वर्षी त्यातील ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली, आणि तीही जवळपास निम्मे जण कमी वजनाचे असताना! हे कळायला कॉलेजातले एक तपासणी शिबिर पुरले नसते का?

मेधा_कु
शिबिरात साखर वाढलेली दिसते. ती कधीपासून वाढत होती, हे दिसत नाही. या अभ्यासात आयांची नोंद गर्भधारणेपूर्वीच झाली आणि मुलांची साखर ६, १२ व १८ व्या वर्षी मोजली गेली, म्हणूनच अठराव्या वर्षी ज्यांची साखर जास्त निघाली त्यांची ती सहाव्या वर्षीही इतरांपेक्षा जास्त होती, हे ताडून पाहता आले. हा अभ्यास करणाऱ्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तर नवजात बाळाच्या खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडीही मोजली होती. सुमारे २.७ किलोचे हे बाळ इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळाशेजारी हडकुळे दिसते, पण त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते. नुसता वजनकाटा पाहून हे कधीच लक्षात आले नसते.

निरंजन_७१
सहमत आहे, मात्र अशा नोंदींतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. बऱ्याच आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट (ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) जास्त होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. याची परीक्षा घेण्यासाठी २०१२ पासून याच मुलामुलींना, ती स्वतः आईबाप होण्याआधी, रोज बी-१२ देण्याचा प्रयोग झाला. तुलनेसाठी एका गटाला बी-१२ नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच, कारण पौगंडावस्थेतील आहाराचा परिणाम पुढच्या पिढीच्या बाळात पाहता येतो.

सायली_प
म्हणजे शाळेतल्या तपासणीत सडपातळ मुलाला साखरेचा धोका नाही, असे गृहीत धरणे चूकच म्हणायचे?

मेधा_कु
होय, चूकच. मात्र ३७ टक्के हा आकडा त्या सहा गावांतल्या मुलग्यांचा आहे. तो सबंध महाराष्ट्राला लावू नये.