गरम झाली की सुरूच न होणारी आमची जुनी गाडी: पंप की कॉइल?

मधली_सीट

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात एक वाद माझ्या लहानपणापासून चालू आहे. तो मिटवायला तुमची मदत हवी आहे.

आमची जुनी गाडी थंड असताना चोक ओढून सेल्फ मारला की लगेच सुरू व्हायची. पण लांबून आल्यावर कुठे थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा निघायला बसलो, की काही केल्या पेटायची नाही. बाबांचं म्हणणं, पेट्रोलचा पंप. दादाचं म्हणणं, ठिणगीची कॉइल. आईचं म्हणणं, ही गाडीच घरातून जायला हवी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्यांचा होता की आणखी कोणाचा, हेच मला शोधायचं आहे.

चार दरवाजे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग सीट. टाकी मागे, डिकीखाली, आणि पंप इंजिनाच्या अंगावर. मी सगळ्यांत धाकटी, म्हणून माझी जागा कायम मागे मधोमध. खालून शाफ्ट जातो त्याचा उंचवटा माझ्या पायाखाली यायचा. बाबा गिअर बदलायच्या आधीच मला तळव्यांना कळायचं, आता बदलणार म्हणून. चढावर मिसिंग मारायला लागली की तेही आधी पायांनाच समजायचं.

गाडी बंद पडली की काय व्हायचं ते जसं आठवतं तसं सांगते. इंजिन गरगर फिरायचं, पेटायचं मात्र नाही. मग बाबा उतरायचे, बॉनेट उचलून त्याला काडीचा टेकू लावायचे, पुढच्या सीटखालच्या डब्यातला फडका पाण्यात बुडवून, पिळून, एसी पंपाभोवती (पेट्रोलच्या पंपालाच एसी पंप म्हणायचे) गुंडाळायचे. त्यातून वाफ यायची. फडका सुकला की पुन्हा भिजवायचे. आम्ही सगळे खाली उभे. बाबा कधी चिडले नाहीत. मधूनमधून पंपाला बोटाचं पेर लावून बघायचे आणि म्हणायचे, ‘अजून नाही.’ बऱ्याच वेळाने ‘चला’ म्हणायचे, आणि गाडी खरंच सुरू व्हायची. आधी गचके, मागून काळा धूर, आणि मग अगदी गुळगुळीत चालायची.

आणखी एक गोष्ट. परत गाडीत बसायला दार उघडलं की सेल्फ मारायच्या आधीच पेट्रोलचा वास यायचा. आईचं डोकं त्यानेच दुखायचं. गाडीवरचा तिचा सगळा राग त्या वासाचा होता असं मला वाटतं.

दादाने मोठा झाल्यावर कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही बदलले. त्या वर्षी त्रास थांबला. दादा म्हणाला, बघा, मी म्हणत होतो. बाबा म्हणाले, आता थंडी आहे, उन्हाळा येऊ दे. उन्हाळ्यात पुन्हा तेच झालं, पण पूर्वीइतकं नाही, असं दादा आजही सांगतो.

गाडी आता शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. दादा भंगारात द्या म्हणतो. बाबांना बॉनेट उचलवत नाही, तरी विषय निघाला की ‘पंप’ म्हणतातच. मला ती एकदा तरी चालती करायची आहे, आणि बाबा बरोबर होते की नाही ते त्यांना सांगायचं आहे. जाणकारांनी कृपया लिहा. घरात कोणाला न आवडणाऱ्या गाड्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांनीही त्या कशा सांभाळल्या ते लिहा.

---

उतारावरची

तुमचं वाचून आमच्या काकांची गाडी आठवली. तिचं दुखणं वेगळं होतं, चार्जिंगचं. जुना डायनामो. इंजिन संथ चालत असलं की डायनामो बॅटरीला काही देतच नाही. रात्री दिवे लावून गर्दीत रखडलो की बॅटरी उतरलीच म्हणून समजा. पुढे अल्टरनेटर आले तेव्हा हा त्रास संपला, कारण तो कमी वेगातही चार्ज करतो.

काकांनी त्यावर एक शिस्त लावून घेतली होती. कुठेही गेलो की आधी उतार शोधायचा आणि गाडी तोंड खाली करून लावायची. निघताना इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, ब्रेक सोडायचा, थोडा वेग आला की क्लच झटकन सोडायचा. पहिल्या गिअरमध्ये चाकं अडकल्यासारखी होतात, म्हणून दुसराच. आम्हा सगळ्या चुलत भावंडांना गाडी चालवता यायच्या आधी हे येत होतं.

उतार नसेल तर हँडल, म्हणजे इंजिन हाताने फिरवायची दांडी. ते मारताना अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि अंगठा मोडतो. काका आमच्या हातातली पकड तपासल्याशिवाय हँडल मारू द्यायचे नाहीत. 1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला, त्याआधी मोटारवाल्यांना रोज हेच करावं लागे.

काकूला ती गाडी अजिबात आवडायची नाही. पण काका नसताना तिला ती उतारावरून सुरू करून नेताना मी पाहिलं आहे, आणि तिच्याइतका अचूक क्लच मी अजून कोणाचा पाहिला नाही.

---

तेलकट_हात

ताई, फार छान आणि मुद्द्याचं लिहिलंत. गरम इंजिन सुरू न होण्याची तीन मुख्य कारणं असतात. तुमच्या लिहिण्यात तिघांना वेगळं करण्याइतके पुरावे आहेत.

पहिलं, बाबांचं. याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे, त्यातले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उकळायला लागतात. टाकी मागे, पंप पुढे गरम इंजिनावर. पंप पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळायला आणखी कमी उष्णता पुरते. नळीत वाफ झाली की पंप नुसती वाफच दाबत बसतो, कार्बोरेटरला थेंब मिळत नाही. उंच डोंगरावर हवेचाच दाब कमी, म्हणून तिथे हे जास्त. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि साधारण 3 बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. म्हणून आज हे दुखणं जवळजवळ दिसत नाही. ओला फडका हा त्यावरचा रास्त उपाय आहे, बाबांचं त्यात काही चुकत नव्हतं.

दुसरं, दादांचं. कॉइल 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. आतलं इन्सुलेशन कमकुवत झालं असेल तर गरम झाल्यावर ठिणगी मरते आणि थंड झाल्यावर परत येते. कंडेन्सरचंही तसंच. हे ओळखायचं तर त्याच वेळी प्लगची वायर काढून ठिणगी बघायची. निळी, कडकडीत आवाजाची असेल तर कॉइल निर्दोष. पिवळी, मलूल असेल तर दादा बरोबर.

आता तिसरं, ज्याचं नाव घरात कोणीच घेतलेलं दिसत नाही. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडातली उष्णता तिथेच असते. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान बंद केल्यावर आधी वाढतं. म्हणूनच चालत्या गाडीला काही होत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलं की घोटाळा. या वेळात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीत, उतरतं. इंजिनाला पेट्रोल मिळत नाही असं नसून नको तितकं मिळतं. प्लग भिजतात.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. सेल्फ मारायच्या आधी वास, आणि सुरू होताना काळा धूर. पेट्रोल पोचतच नसेल तर वास कुठून येईल? ठिणगी नसेल तर बराच वेळ सेल्फ मारल्यावर वास येतो, आधी नाही. आणि काळा धूर म्हणजे जास्त पेट्रोल जळतंय. माझ्या मते तुमच्या गाडीला हे तिसरंच होतं. फडक्याने पंप थंड व्हायचा, आणि तेवढ्या वेळात मॅनिफोल्डमधलं पेट्रोल उघड्या बॉनेटखाली उडून जायचं. थंडीत त्रास थांबला हेही याला धरून आहे. नव्या कॉइलची कडक ठिणगी ओल्या प्लगवरही जरा बरी पेटते, म्हणून दादांना वाटलेला थोडा फरक खरा असू शकतो.

अशा वेळी चोक नाही, ॲक्सिलरेटर पंप करायचा नाही. पेडल पूर्ण दाबून तसंच धरायचं आणि सेल्फ मारायचा. भरपूर हवा जाते, प्लग सुकतात.

एक काम करा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटर मॅनिफोल्डवर जिथे बसतो तिथे बघा. मध्ये काळा किंवा तपकिरी बेकेलाइटचा जाड ठोकळा आहे का? उष्णता वर चढू नये म्हणून तो असतो. नसेल, तर ज्या दोन स्टडवर (आट्यांच्या उभ्या दांड्यांवर) कार्बोरेटर आवळला आहे त्यांच्या नटाखाली काय आहे ते कळवा.

---

टाकी_वरती

तेलकट_हात यांनी पंपाचं लिहिलं, म्हणून थोडं. पंपच नाही अशाही गाड्या लाखोंनी निघाल्या आहेत. फोर्ड मॉडेल टी (1908 ते 1927) मध्ये टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरायचं. खडा चढ आला की पेट्रोल पोचायचं नाही, मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

पूर्व जर्मनीच्या ट्राबान्टमध्ये टाकी बॉनेटखालीच, इंजिनाच्या वर होती. पंप नाही, नेहमीच्या मॉडेलला पेट्रोलचा काटाही नाही, पट्टी बुडवून बघायचं. ती मिळायला लोक दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त थांबायचे. बर्लिनची भिंत पडल्यावर त्याच लोकांनी ती रस्त्याकडेला सोडून दिली. 1991 मध्ये उत्पादन थांबलं, आणि आता तिचे मेळावे भरतात. मला ती गाडी मनापासून आवडते. घरातला कोणीही माणूस बॉनेट उघडून तिचं सगळं समजून घेऊ शकायचा.

---

मधली_सीट

तेलकट_हात, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘पंपाचं नाही’ इथे ते काही बोलले नाहीत. वासाचा मुद्दा आला तेव्हा मात्र आईला हाक मारली आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. आई म्हणाली, मी तर पहिल्यापासून सांगत होते, वास येतो म्हणून. ते खरंच आहे. वास येतो ही तक्रार आम्ही सगळ्यांनी तक्रार म्हणूनच ऐकली, गाडीचं लक्षण म्हणून कोणी ऐकलं नाही.

मग शेडमध्ये गेले. दादाही आला, टॉर्च धरायला. एअर फिल्टर काढला. ठोकळा नाही. मॅनिफोल्ड, त्यावर कागदासारखं पातळ गॅसकेट आणि लगेच कार्बोरेटर. दोन्ही स्टडवर नटाखाली वॉशरच वॉशर आहेत, एकावर एक चळत. सगळे एका जाडीचेही नाहीत, एक तर पितळेचा वाटतो. दादाने बाबांना विचारलं, तुम्ही घातले का? बाबांनी कार्बोरेटर कधी उतरवलाच नव्हता. गाडी आमच्याकडे आली ती आधी दुसऱ्यांनी वापरलेली. वॉशर तसेच काजळलेले आहेत, म्हणजे तेव्हापासूनचे असणार. याचा अर्थ काय घ्यायचा?

---

तेलकट_हात

अर्थ हाच की ठोकळा होता. स्टड त्याच्या जाडीच्या हिशोबाने लांब आहेत. तुमच्याकडे यायच्या आधी कोणीतरी कार्बोरेटर उतरवला, ठोकळा तडकला असेल किंवा हरवला असेल, आणि तो न घालताच बसवला. मग नट आटे संपून अडायला लागला, म्हणून खाली वॉशर भरले. गाडी बनवणाऱ्यांनी त्यांचं काम नीट केलं होतं. तुमच्या बाबांनीही.

वॉशर टाकून देऊ नका. त्यांची चळत स्क्रू गेजने मोजा, ती जाडी म्हणजे ठोकळ्याची अंदाजे जाडी. त्या मापाचा बेकेलाइटचा तुकडा भोकं पाडून बनवून घेता येतो, दोन्ही बाजूंना नवं गॅसकेट लावा. मधलं भोक कार्बोरेटरच्या तोंडाएवढंच हवं, कडा आत येता कामा नये.

सुरू करायची घाई मात्र नको. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा डिंक झालेला असतो. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग हँडलने हाताने फिरवा. सहज फिरलं तरच सेल्फ. रबरी पेट्रोल नळ्या आणि पंपाचा पडदा बदला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं. आणि ही गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहे. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटांवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडांवर) थर देऊन त्यांची झीज थांबवायचं. 2021 मध्ये जगातलं शेवटचं तसलं पेट्रोलही बंद झालं. त्यामुळे बेताच्या वेगाने चालवा, आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली फट, अधूनमधून तपासत राहा. गॅप कमी होत चालला तर सीट झिजते आहे.

ब्रेकचे सिलिंडर पण उघडून बघा, ते आधी.

---

मधली_सीट

मनापासून आभार. दादा स्क्रू गेज शोधतोय, भंगाराचं तूर्त कोणी बोलत नाही. एक शंका: वॉशर काढून ठोकळा घातला की कार्बोरेटर वर सरकेल, मग ॲक्सिलरेटरची दांडी आणि चोकची तार पुरेल का?

---

तेलकट_हात

पुरेल. त्या मुळात त्याच उंचीसाठी बनवलेल्या होत्या. मधल्या काळात कोणी दांडी वाकवून जुळवली असेल तर ती सरळ करावी लागेल, तेवढं आधी बघून घ्या.