शिडाच्या होडीला ब्राँझ का स्टेनलेस?

उद्यमनगरकर: भावांनो, मालवणात मित्राची जुनी लाकडी शिडाची होडी हाय, डोलकाठीच्या तारा बांधायच्या पट्ट्या आणि टर्नबकल (तारा ताणायचे पेच) बदलायच्यात. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत ब्राँझ ओतून घेऊ का सरळ स्टेनलेस आणू?

खारंवारं: स्टेनलेस घेतलंस तर ३१६ ग्रेडचंच घे, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतंय म्हणून खाऱ्या पाण्यात साध्या ३०४ ग्रेडपेक्षा बरं टिकतंय. पण लाकडात दाबलेल्या पट्टीला हवा लागत नाही तिथं आतनं गंज खातंय, वरनं चकचकीत आणि एक दिवस फट्दिशी तुटती.

तांबडापांढरा: म्हणूनच ब्राँझ, हिरवं पडंल तेवढंच. पट्टी ओतू नकोस, ओतकामात आत पोकळी राहू शकती, सिलिकॉन ब्राँझची प्लेट कापून घे. आणि पितळ तर नकोच, त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातंय, गुलाबी ठिसूळ उरतंय, आमच्या काकांनी तसला बोल्ट हातानं मोडून दाखवलेला. डोलकाठी ॲल्युमिनियमची नाही ना? खाऱ्या पाण्यात ब्राँझला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतंय.

उद्यमनगरकर: सागवानी हाय ओ. मग प्लेटच बघतो, तारा स्टेनलेसच्याच ठेवतो.