डुकराची हाडं सापडली तर पलिष्टी, नाही सापडली तर इस्राएली, इतकं सरळ असतं का?

उत्सुक_वाचक:
नमस्कार मंडळी. गेले दोनेक महिने पलिष्टी लोकांबद्दल, म्हणजे इंग्रजीत ज्यांना फिलिस्टाईन म्हणतात, जे इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून येऊन किनाऱ्यावर वसले आणि बायबलमध्ये इस्राएलींचे शत्रू म्हणून येतात त्यांच्याबद्दल, मिळेल ते वाचतोय. गज्जा, अष्कलोन, अश्दोद, एक्रोन, गथ ही त्यांची पाच शहरं आणि वर डोंगराळ भागात इस्राएली वस्त्या, इथपर्यंत कळलं. पण अडलंय ते असं की खिरबेत कियाफाबद्दल, म्हणजे पलिष्टी मुलुखाच्या सीमेजवळच्या एका जुन्या तटबंद वस्तीबद्दल, जे जे वाचलं त्यात एकच मुद्दा परत परत येतो, तिथे हजारो हाडं निघाली पण डुकराचं एकही नाही म्हणून ती वस्ती यहूदाची, म्हणजे दक्षिणेकडच्या इस्राएली राज्याची, कारण त्यांच्या धर्मात डुक्कर निषिद्ध. मला हे फार घाईचं वाटतं. एखाद्याने काय खाल्लं नाही यावरून तो कोण होता हे कसं ठरवणार? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

खापरवेडी:
शंका अगदी योग्य आहे तुमची, आणि सरळ उत्तर द्यायचं तर नाही, इतकं सरळ नसतं. पण ही कल्पना हवेतून आलेली नाहीये हेही आधी सांगते. एक्रोनला, म्हणजे तेल मिकनेला, लोहयुगाच्या सुरुवातीच्या (इ.स.पू. १२०० नंतरच्या) थरांत जनावरांच्या हाडांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा डुकरांचा निघाला, आणि त्याच काळातल्या डोंगरावरच्या वस्त्यांत ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. एवढा फरक डोळ्यांत भरणारच ना.

गडबड पुढे होते. डुक्कर न खाणं ही इस्राएली लोकांनी सुरू केलेली गोष्ट नाहीये, त्यांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या कनानी लोकांच्या वस्त्यांतसुद्धा उत्तर कांस्ययुगात, म्हणजे लोहयुगाच्या लगेच आधीच्या काळात, डुकरं फारच कमी दिसतात. डुक्कर कळपासोबत लांब चालत नाही, त्याला सावली लागते पाणी लागतं, दूध नाही लोकर नाही, मग शेळ्यामेंढ्यांवर जगणारा माणूस ते पाळेल कशाला. म्हणजे नसण्यामागे धर्मच असतो असं नाही. २०१३ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक लिदार सापिर-हेन आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे पलिष्ट्यांच्याच मुलुखात शहरांत डुकरं भरपूर पण खेड्यांत जवळजवळ नाहीत. आणि दुसरी, मला जास्त महत्त्वाची वाटते ती, की इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या सखल भागातल्या शहरांत डुकरांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, आणि यहूदात मात्र ते वाढत नाही. आता हाडांचा तो नियम लावला तर या उत्तरेकडच्या लोकांना काय म्हणायचं?

कियाफाबद्दल म्हणाल तर तिथलं उत्खनन करणारे योसेफ गारफिंकेल फक्त हाडांवर विसंबलेले नाहीत, तटाची बांधणी, दोन वेशी, २००८ ला मिळालेलं शाईने लिहिलेलं खापर असं बरंच काही ते पुढे करतात. पण हाडांचा मुद्दा एकटा काढून बघितला तर तिथे कनानी लोक राहत होते असं म्हणणाऱ्यालाही तो तितकाच उपयोगी पडतो.

थरावरथर:
खापरवेडी ताईंशी सहमत, फक्त एक भर घालतो. ‘काय खाल्लं नाही’ यापेक्षा ‘रोज हाताने काय केलं’ हे बघा, तिथे माणूस जास्त नीट सापडतो. अष्कलोनच्या उत्खननात लॉरेन्स स्टेगर यांच्या चमूला मातीच्या जाडसर सुरळ्या मिळाल्या, भाजलेल्या नाहीत, मध्ये किंचित दबलेल्या, दोऱ्याच्या रिळासारख्या, आणि कुठेही भोक नाही. अशा दीडशेच्या वर. बऱ्याचशा जमिनीवर ओळीने पडलेल्या. ओळीने का, तर उभ्या मागाला ताण द्यायला सुताच्या झुपक्यांना गुंडाळून टांगलेल्या होत्या आणि माग गेला, लाकूड गेलं, सूत गेलं, वजनं तिथल्या तिथे राहिली. कनानी विणकर वापरायचे ती वजनं भोक पाडलेली असायची. बिनभोकाची ही तऱ्हा सायप्रस आणि ग्रीसभोवतीच्या एजियन भागात सापडते आणि माती मात्र अष्कलोनचीच. म्हणजे वस्तू जहाजातून आलेली नाही, ती बनवायची सवय ज्या हातांत होती ते हात आले. मडक्यांचंही तेच, मायसीनियन, म्हणजे प्राचीन ग्रीक, वळणाची नक्षी पण घडवलेली तिथल्याच चिकणमातीत.

आणि २०१९ ला डीएनएचा जो अभ्यास आला तो तर वाचाच. १०८ नमुन्यांतून फक्त १० माणसांचा डीएनए हाती लागला, तिकडच्या उष्ण दमट हवेत टिकतच नाही. त्यातली चार तान्ही बाळं, बाराव्या शतकातल्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली. त्यांच्यात दक्षिण युरोपकडचा अंश स्पष्ट दिसतो, जो आधीच्या कांस्ययुगातल्या तिघांत नाही. आणि नंतरच्या, दहाव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या तिघांत तो अंश परत जवळजवळ दिसेनासा झालेला! दोनशे वर्षांच्या आसपास सगळं मिसळून गेलं. त्या बाळांबद्दल वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो, कारण घराच्या आतच, पायाखालच्या मातीत ठेवलेलं मूल म्हणजे त्या आईबापाला ते लांब न्यायचं नव्हतं असंच मला वाटतं.

उत्सुक_वाचक:
वा, खूप खूप धन्यवाद दोघांनाही. मागाच्या वजनांचं तर माहीतच नव्हतं. पण मग पुढचा प्रश्न, रक्त दोनशे वर्षांत मिसळलं तर त्यानंतर त्यांना पलिष्टी का म्हणायचं? तोपर्यंत ते कनानीच झाले ना?

जुनीलिपी:
इथे जरा थांबा, याचं उत्तर दगडावर कोरलेलं आहे. १९९६ ला एक्रोनच्या मंदिरात एक शिलालेख मिळाला, त्रूदे दोथान आणि सेमूर गितिन यांचं उत्खनन. पाच ओळी, भाषा शेजारच्या फिनिशियन-हिब्रूच्या नात्यातली, लिपीही तिकडचीच. मजकूर असा की एक्रोनचा राजा आखीश, पादीचा मुलगा, याने आपल्या देवीसाठी हे मंदिर बांधलं, आणि वडील, आजोबा, पणजोबा करत वर नावं दिलीत. पादी हा इ.स.पू. ७०१ च्या अश्शूरी, म्हणजे त्या काळच्या बलाढ्य अश्शूर साम्राज्याच्या, नोंदींत येतो, यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याला यरुशलेमात कैदेत ठेवलं होतं तोच. म्हणजे हा लेख सातव्या शतकातला, पलिष्टी येऊन पाचशे वर्षं झाल्यावरचा.

आता नावं बघा. वडिलांचं नाव सेमिटिक आणि मुलाचं नाव आखीश, जे सेमिटिक नाही, बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ ‘अखियन’ म्हणजे ग्रीकांकडचा असा लागतो. आणि देवीचं नावही कनानी देवतांत कुठे बसत नाही. भाषा गेली, लिपी गेली, डुकरांचं प्रमाण घसरलं, शहरात इस्राएली प्रदेशात दिसतात तशा चार शिंगांच्या वेद्या आल्या, शंभराच्या वर तेलघाणे चालू होते आणि सगळं अश्शूरच्या छत्राखाली, तरी राजाने मुलाचं नाव ठेवताना समुद्रापलीकडचं ठेवलं. रक्ताचा हिशेब वेगळा आणि आपण कोण हे सांगण्याचा वेगळा.

खापरवेडी:
जुनीलिपी, सुंदर लिहिलंत! फक्त एक, नावावरून फार लांब जायला नको, राजघराण्यातलं नाव म्हणजे तेलघाण्यावर राबणाऱ्या माणसाची आठवण नव्हे.

उत्सुक, तुमच्या मूळ प्रश्नाला जोडून अजून एक वाचा, बेथ शेमेश. सोरेक खोऱ्यात, तिम्ना या पलिष्टी गावापासून अगदी जवळ, बायबलमधल्या शमशोनाच्या गोष्टीतलाच टापू. तिम्नात डुकरं आहेत आणि बेथ शेमेशला जवळजवळ नाहीत. गंमत म्हणजे मडकी तिथली कनानी वळणाचीच, थोडीफार पलिष्टी नक्षीचीही, त्यावरून काहीच सांगता येत नाही. उत्खनन करणारे बुनिमोविट्झ आणि लेडरमन म्हणतात की पलिष्टी शेजारी आल्यावर इथल्या लोकांनी डुक्कर मुद्दाम टाळायला सुरुवात केली, जी आधी नुसती सवय होती ती आता ‘आम्ही ते नाही’ असं सांगायची खूण झाली. मला हे पटतं. म्हणून हाडं मोजताना शेजारच्या गावात त्याच दशकांत काय शिजत होतं ते सोबत ठेवल्याशिवाय आकड्याला हात लावू नये, कियाफाच्या बाबतीत गथ तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे, तिथलं उत्खनन करणारे आरेन मायर यांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा.

उत्सुक_वाचक:
वाचतो नक्की. एक्रोनचं पुढे काय झालं?

जुनीलिपी:
इ.स.पू. ६०४ च्या सुमारास बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जाळलं, अष्कलोनही त्याच मोहिमेत. अष्कलोनच्या राजाच्या मुलांची नावं नंतर बाबिलोनच्या शिध्याच्या याद्यांत सापडतात, इतकं तेल इतक्या जणांना, अशी. त्याच याद्यांत यहूदाचा राजा यहोयाखीनही आहे. दोघांचे लोक एकाच कोठारातून तेल घेत होते.