बायबलकथांवरील चित्रपट बहुधर्मीय वर्गात दाखवताना कोणते निकष लावावेत?

वर्गशिक्षिका_सोलापूर

नमस्कार. सोलापुरात आम्ही १५ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी धर्मपरिचयाचा वर्ग चालवतो. निरनिराळ्या धर्मांच्या कथा समजून घ्याव्यात एवढाच त्याचा हेतू आहे, कोणाला कुठे वळवण्याचा नाही, आणि पालकांनाही हे आधीच सांगितलेले असते. वर्गात मराठी घरांतली मुले आहेत, पूर्व भागातील तेलुगू विणकर कुटुंबांतली आहेत, घरी कानडी बोलणारीही आहेत. धर्माने हिंदू, मुस्लिम, बौद्ध आणि ख्रिस्ती. पुढील सत्र बायबलचे आहे. लूकच्या शुभवर्तमानावर (बायबलमधील येशूच्या एका चरित्रावर) आधारलेला १९७९ चा ‘जीझस’, मोशेच्या कथेवरचा १९९८ चा ॲनिमेशनपट ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ आणि येशूवरचा १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडु’ हे तीन चित्रपट माझ्या विचारात आहेत. मूळ वचनांशी जो सर्वांत जवळचा तो उत्तम, असे धरून मी निवड सुरू केली. पण ज्या मुलाने शास्त्र कधी उघडलेलेच नाही त्याच्यासाठी हा एकच निकष पुरेल का, याविषयी मला शंका वाटते. आपण कोणत्या कसोट्या लावाल?

निवृत्त_शिक्षक

ताई, आपली शंका रास्त आहे. मूळाशी जवळीक म्हणजे नेमके काय, हेच आधी ठरवावे लागते. संवाद शब्दशः ग्रंथातले घेऊनही कथेचा रोख बदलता येतो, आणि प्रसंग बदलूनही तो राखता येतो.

‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ घ्या. बायबलमधील निर्गम या पुस्तकात मिसर म्हणजे इजिप्तमधील गुलामीतून इस्राएली लोकांना सोडवणाऱ्या मोशेची कथा आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात बाळ मोशे फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, कन्येला सापडतो, तर चित्रपटात राणीला. हा फरक फारसा महत्त्वाचा नाही. परंतु त्याच अध्यायात मोशे इकडेतिकडे पाहतो, कोणी नाही अशी खात्री करतो, मिसरी माणसाला ठार मारतो आणि प्रेत वाळूत लपवतो. चित्रपटात हा मिसरी माणूस, म्हणजे गुलामांवरचा मुकादम, मोशेच्या धक्क्याने उंचावरून पडतो. इथे नायकाचे पाप जवळजवळ अपघातात रूपांतरित झाले आहे, आणि हा बदल माझ्या मते कथेच्या गाभ्याला हात घालणारा आहे. तसेच ग्रंथातला मोशे फारोपुढे उभा राहतो तेव्हा ८० वर्षांचा आहे, बोलण्यात अडखळणारा आहे, आणि त्याच्या वतीने त्याचा भाऊ अहरोन बोलतो. चित्रपटातला मोशे तरुण आहे आणि अहरोन कडेला सरकला आहे. देवाने दुबळ्या म्हाताऱ्याला निवडले, हा अर्थ त्यामुळे पुसट होतो. तरीही हा चित्रपट मी बाद करणार नाही, कारण आपण स्वातंत्र्य घेतले आहे आणि मूळ कथा निर्गमात आहे, असे तो आरंभीच सांगतो. बदल कबूल करणारा चित्रपट वर्गासाठी अधिक उपयोगी पडतो. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

याहून बोलके उदाहरण येशूच्या जीवनावरील १९७७ च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’मधले आहे. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त लूकच्या १५ व्या अध्यायात येशू सांगतो तो जकातदार (लोकांच्या तिरस्काराचे करवसुलीदार) आणि पापी जवळ बसलेले पाहून परूशी व शास्त्री हे यहुदी धर्मपुढारी कुरकुर करतात तेव्हा. वाटणी उधळून परतलेल्या धाकट्याचे बाप मेजवानीने स्वागत करतो, आणि रागावलेला थोरला भाऊ घरात यायला नकार देतो, अशी ती कथा आहे. चित्रपटात हीच कथा जकातदार मत्तयाच्या घरी सांगितली जाते, आणि मत्तयाचा राग धरून असलेला येशूचा शिष्य पेत्र ती ऐकून विरघळतो. थोरल्या भावाची भूमिका अशा रीतीने पेत्राकडे येते. मांडणी फार सुंदर आहे, हे मनापासून सांगतो. पण लूकमध्ये थोरला भाऊ अंगणात उभाच राहतो. तो आत गेला की नाही हे कळत नाही, आणि प्रश्न कुरकुर करणाऱ्यांवर सोडून दिलेला असतो. चित्रपट तो प्रश्न सोडवून टाकतो. बाप हयात असताना वाटणी मागणारा धाकटा आणि घरची शेती राबून राखणारा थोरला, ही माणसे आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाहीत. म्हणून आधी अध्याय मोठ्याने वाचावा, थोरल्याने काय करावे हे मुलांना विचारावे, आणि मगच ते दृश्य दाखवावे.

पडद्यामागे

वरील उत्तर ग्रंथाच्या बाजूने अगदी योग्य आहे. मी पाहणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आपल्याकडे पडद्यावरील देवाकडे पाहण्याची स्वतंत्र रीत आहे. दादासाहेब फाळके यांना राम-कृष्ण पडद्यावर आणण्याची प्रेरणा मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना मिळाली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’च्या वेळी लोक चपला काढून बसत. ‘करुणामयुडु’ याच पौराणिक-भक्तिपटांच्या वळणाने जातो आणि विजयचंदर यांनी त्यात येशूची भूमिका केली आहे. आपल्या पूर्व भागातल्या मुलांना त्याची भाषा आणि गाणी लगेच आपली वाटतील, ही त्याची मोठी ताकद आहे. पण चमत्कार पाहून हात जोडले गेले की प्रश्न विचारणे थांबते, आणि आपला वर्ग तर प्रश्न विचारण्यासाठी आहे. याउलट १९७९ च्या चित्रपटात इंग्रज अभिनेता येशू झाला आहे. मराठीत ऐकू येत असला, तरी ‘हा गोऱ्यांचा देव’ ही समजूत त्याने पक्की होण्याचा धोका राहतो. येशू पश्चिम आशियातल्या यहुदी घरात जन्मला, हे तेथे आवर्जून सांगावे.

मुस्लिम विद्यार्थ्यांचा विचार मात्र सर्वांत आधी करावा. मूसा (मोशे) आणि ईसा (येशू) हे त्यांच्यासाठी पैगंबर आहेत, आणि पैगंबरांचे चित्रण अनेक कुटुंबांना मान्य नसते. ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’वर मलेशियात बंदी आली होती. पालकांशी आधी बोलावे आणि नको म्हणणाऱ्या मुलाला त्याच तासाला वाचनाचे काम द्यावे, तेही त्याला वेगळे पाडल्यासारखे वाटणार नाही अशा रीतीने.

कोकणकर_वाचक

एक कसोटी राहिली: कथेतल्या ‘इतरां’ना चित्रपट कसे रंगवतो? सुळावर चढवण्याच्या प्रसंगात यहुदी जमाव एकजात दुष्ट दाखवला, तर ज्या मुलाने आयुष्यात यहुदी माणूस पाहिलेला नाही त्याच्या मनात पहिली प्रतिमा तीच बसते. २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’वर याच कारणाने तीव्र टीका झाली. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर टाकता येत नाही, असे कॅथलिक चर्चनेही १९६५ मध्ये जाहीर केले आहे. महाराष्ट्राला तर हा समाज परका नाही. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून शनिवार तेली या नावाने ओळखले जात, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधील कथांवर मराठीतून कीर्तने केली. एखादा तास त्या परंपरेला जरूर द्यावा.

वर्गशिक्षिका_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. पूर्ण चित्रपट एकाच बैठकीत दाखवण्याचा बेत मी रद्द केला आहे. आधी लूकचा १५ वा अध्याय वाचून चर्चा, त्यानंतर मत्तयाच्या घरचे दृश्य, आणि पुढच्या आठवड्यात निर्गमाचा दुसरा अध्याय व ॲनिमेशनमधील तोच भाग, असा क्रम ठरवते. ‘करुणामयुडु’मधील एक गाणे तेलुगू मुलांकडूनच समजावून घेईन. मुस्लिम पालकांची भेट मात्र यातले काहीही सुरू करण्यापूर्वी, याच आठवड्यात घेते.