मदत हवी आहे : स्क्रीनसेव्हरवर फिरता मराठी मजकूर नीट येत नाही

नमस्कार मंडळी. देवगडजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात काउंटरवर विंडोज १० चा संगणक आहे. तो नुसता पडून असतो तेव्हा स्क्रीनवर 'शनिवारी बंद' अशी पाटी फिरत राहावी, एवढंच हवंय. लांबच्या वाडीवरून म्हातारी माणसं चालत येतात, त्यांची फेरी फुकट जाऊ नये हो.

सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, मग स्क्रीन सेव्हर सेटिंग्ज असं जाऊन थ्रीडी टेक्स्ट निवडलं. कस्टम टेक्स्टमध्ये मजकूर टाकला, चूज फॉन्टमध्ये निर्मला यूआय घेतला. गोल गोल फिरलं तर वाचता येत नाही म्हणून रोटेशन टाइप सी-सॉ (पूर्ण न फिरता नुसता झुलणारा) ठेवला आणि वेग कमी केला. हे सगळं छान चालतं. पण 'नि'ची वेलांटी 'न'ला सोडून पुढच्या 'व'ला जाऊन चिकटते आणि अनुस्वार वेगळाच लोंबकळतो. इंग्रजी मजकूर मात्र सरळ येतो. मंगल फॉन्ट लावून पाहिला, फरक नाही.

वेट (स्क्रीनसेव्हर सुरू व्हायच्या आधीची वेळ) ५ मिनिटं आहे, स्क्रीन बंद व्हायची वेळ पॉवरमध्ये ३० मिनिटं केली आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. परत आल्यावर पासवर्ड मागण्याची खूण काढून टाकली आहे.

देवनागरी नीट जोडून दाखवणारा हलता स्क्रीनसेव्हर कुणी वापरलाय का? पाटीचं चित्र करून फोटोज स्क्रीनसेव्हरला फोल्डर देता येईल, पण पाटी हलती असली की दारातूनच नजर जाते. संगणक जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फुकट आणि हलकं काही असेल तर कृपया सांगा.